विद्यापीठ ग्रंथालयाची तालिका नव्याने बांधताना या चुका टाळा

विद्यापीठाचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या भेटीची तारीख ठरते, सॉफ्टवेअर येतं, डेटा एन्ट्रीचं कंत्राट दिलं जातं आणि काही महिन्यांत अहवालात वाक्य लिहिलं जातं : ग्रंथालयाचं संपूर्ण संगणकीकरण झालं आहे. मग मराठी विभागातली एखादी विद्यार्थिनी ओपॅकवर (पुस्तकं शोधायच्या संगणकीय तालिकेवर) ‘वाङ्मय’ टाइप करते आणि उत्तर येतं शून्य. पुस्तकं तिच्या मागच्याच रॅकमध्ये दोन खण भरून असतात. ती काउंटरवर विचारते, तिथल्या अनुभवी मदतनिसाला जागा तोंडपाठ असते, पुस्तक मिळतं. पण ओपॅकवर ती पुन्हा जात नाही.

अशा वेळी दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. कोहा, इन्फ्लिबनेटचं सोल किंवा एनआयसीचं ई-ग्रंथालय यांपैकी काहीही घ्या, घोळाचं मूळ बहुतेक वेळा तिथे सापडत नाही. पहिली नोंद टाकण्याआधी जे ठरवायला हवं होतं ते ठरलेलं नसतं, म्हणून गाडी अडते. सॉफ्टवेअर आज ना उद्या बदलेल. नोंदी मात्र त्यातल्या चुकांसकट पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये जातील. म्हणून इथे सगळा विचार नोंदीच्या बाजूने केला आहे.

नियम ठरण्याआधीच एन्ट्री सुरू करणं

विद्यापीठात नोंदी करणारे हात अनेक असतात : कायम कर्मचारी, कंत्राटी ऑपरेटर, ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातले प्रशिक्षणार्थी. एकजण आडनाव आधी टाकतो, दुसरा मुखपृष्ठावर दिसेल तसं नाव लिहितो, तिसरा मराठी पुस्तकाचं शीर्षक इंग्रजी अक्षरांत टाकून मोकळा होतो. प्रत्येकाच्या मते तो बरोबरच असतो, कारण चूक कशाला म्हणायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

नोंदी करण्याची आरडीए ही नियमसंहिता पाळायची की जुनी एएसीआर-२, हे ठरवणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. दोन्हींमध्ये ग्रंथालयाने स्वतः ठरवायच्या जागा बऱ्याच आहेत. नाव कोणत्या लिपीत, अंक मराठी की इंग्रजी, शके सनाचं काय करायचं, कॉल नंबरची (पुस्तकाची रॅकमधली जागा सांगणाऱ्या क्रमांकाची) रचना कशी, प्रबंध आणि संदर्भग्रंथांना कोणतं चिन्ह, याची दहा-बारा पानांची नियमावली आधी तयार करा. प्रत्येक नियमाखाली आपल्याच संग्रहातलं उदाहरण द्या. वाद झाला तर निर्णय तारखेसह त्याच कागदावर लिहा.

कंत्राटात दर नोंदीमागे पैसे असतील, तर ऑपरेटर लेखक, शीर्षक आणि ॲक्सेशन नंबर (पुस्तकाचा दाखल क्रमांक) भरून पुढे जाणार. यात त्याचा दोष नाही, दोष कंत्राटाच्या मसुद्याचा आहे. विषयशीर्षक नसलेली नोंद धरली जाणार नाही, मजकूर युनिकोडमध्येच हवा, दर आठवड्याच्या कामातून काही नोंदी पुस्तक हातात घेऊन तपासल्या जातील आणि ठरल्यापेक्षा जास्त चुका निघाल्या तर आठवड्याचं काम परत जाईल, हे सगळं सहीआधी लिहून घ्या. संपूर्ण डेटाबेस आणि त्याची मार्क फाइल (नोंदींचं प्रमाण रूप, ज्यात प्रत्येक तपशिलाला क्रमांकाचं फील्ड असतं) विद्यापीठाच्या ताब्यात राहील, हेही त्यातच आलं पाहिजे.

आणि नोंद ॲक्सेशन रजिस्टरवरून कधीही करू नका. रजिस्टर हिशेबासाठी असतं. त्यातल्या ओळीत शीर्षक निम्मं कापलेलं असतं, अनुवादक नसतो, आवृत्ती नसते. रजिस्टरवरून एन्ट्री करण्यामागे पुष्कळदा एक न बोललेली भीती असते : पुस्तकं शोधायला गेलो तर गहाळ किती ते बाहेर येईल. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची तूट वाजवी धरली आहे. राज्य विद्यापीठांचे नियम वेगळे असू शकतात, पण तूट दाखवायला रीतसर मार्ग असतो. न पाहिलेल्या पुस्तकाची नोंद करणं म्हणजे वाचकाला रिकाम्या जागेकडे पाठवणं.

एक्सेलवर आंधळा विश्वास

जुन्या प्रणालीतला डेटा नव्या प्रणालीत जाताना मध्ये कुठेतरी एक्सेलमधून जातो आणि तिथे तो गुपचूप बदलतो. ०००४५२ हा ॲक्सेशन नंबर ४५२ होतो, मग बारकोड स्कॅन केला की ‘पुस्तक सापडत नाही’. तेरा अंकी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसतो आणि तसाच सीएसव्हीमध्ये सेव्ह झाला तर मूळ अंक कायमचे गेले. ‘भाग १-२’ साठी फक्त १-२ टाकलं तर त्याची फेब्रुवारीतली तारीख होते. सीएसव्ही फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात सेव्ह न केल्यास मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

उपाय सोपा आहे. फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. ती इम्पोर्ट करा आणि प्रत्येक स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या. साफसफाईसाठी ओपनरिफाइन आणि मार्कएडिट ही दोन मोफत साधनं जास्त भरवशाची आहेत. ओपनरिफाइनची एक सोय विशेष कामाची आहे : थोड्याफार फरकाने लिहिलेली एकाच प्रकाशकाची वा लेखकाची नावं ती गटाने समोर मांडते. एकत्र करायची की नाही हे मात्र माणसानेच ठरवायचं.

देवनागरी दिसते, म्हणजे ती शोधता येते असं समजणं

मराठी ग्रंथालयांत सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून बघू.

पहिला प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोडच्या आधीचा डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेला असेल, तर तो नव्या प्रणालीत अर्थहीन चिन्हांसारखा दिसतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण बाहेर पडलेला मजकूर डोळे मिटून घेऊ नका. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा चुकतात, जोडाक्षरं तुटतात. विद्यार्थी, निर्मिती, कीर्ती, स्त्री, हृदय, शृंगार, ज्ञान, वाङ्मय एवढे शब्द रूपांतरित फाइलीत शोधून पाहा. हे आठ शब्द धड आले तर बाकीचा बराचसा मजकूर धड आला असणार.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण पडद्यावर सगळं ठीक दिसतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, पण काही कीबोर्डवर ते ‘अ’ला अर्धचंद्र लावून तयार होतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘शेतकऱ्यां’मधला र्‍य काहीजण नुक्त्याच्या ऱ ने टाइप करतात, काहीजण साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. परिणाम असा की ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ या विषयावरची निम्मी पुस्तकं एका शोधात येतात, उरलेली दुसऱ्या. अर्थशास्त्र विभागात हाच खेळ ‘बँक’ आणि ‘बॅंक’ करतात : एकात चंद्रबिंदू आहे, दुसऱ्यात अर्धचंद्रावर अनुस्वार. ‘वाङ्मय’ तर वाङ्मय, वाङमय, वाङ्ग्मय अशा तिन्ही रूपांत सापडतो.

यावर दोन पातळ्यांवर काम करावं लागतं. नियमावलीत प्रत्येक अक्षराचं एकच रूप ठरवा आणि आधीच्या नोंदींमध्ये एकगठ्ठा बदल करून घ्या. शिवाय शोधयंत्राच्या पातळीवर ही रूपं एकच धरली जातील अशी व्यवस्था करा. कोहामध्ये झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर इंडेक्सिंग (शोधासाठी शब्दांची सूची बांधणं) सीएचआर पद्धतीवर न ठेवता युनिकोड समजणाऱ्या आयसीयूवर हवं. आयसीयूच्या नियमफाइलीत अक्षरांच्या अशा जोड्या लिहिता येतात. बदल केल्यावर संपूर्ण इंडेक्स नव्याने बांधायला विसरू नका. नोंद क्रमांकाने उघडते पण शीर्षकाने सापडत नाही, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा.

जुन्या शुद्धलेखनाचा प्रश्न यात मिसळू नका. १९६२च्या नियमांपूर्वीच्या पुस्तकावर ‘कांहीं’ छापलेलं असेल तर २४५ या मुख्य शीर्षकाच्या फील्डमध्ये ते तसंच राहू द्या, ती त्या पुस्तकाची ओळख आहे. आजचं रूप २४६ मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून द्या. विद्यार्थी ‘काही’ टाइप करणार आहे आणि त्याला पुस्तक मिळालं पाहिजे.

लेखकाच्या नावाला एकच ठिकाण न देणं

राम गणेश गडकरी यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर. मराठीच्या वाचकाला हे ठाऊक असतं. नॅनोटेक्नॉलॉजीचा विद्यार्थी आवड म्हणून कवितासंग्रह शोधतो तेव्हा त्याला ठाऊक असेलच असं नाही, आणि संगणकाला तर मुळीच नसतं.

त्यात लिहिण्याच्या पद्धतींची भर पडते. ‘देशपांडे, पु. ल.’, ‘देशपांडे, पु.ल.’, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ आणि इंग्रजी अक्षरांतली दोन-तीन रूपं, असे एकाच माणसाचे सहा लेखक तयार होतात. संतांच्या बाबतीत उलटी गफलत होते : आडनाव आधी टाकायची सवय लागलेला ऑपरेटर ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद करतो. 

याला प्राधिकृत नोंदींची फाइल, म्हणजे प्रत्येक लेखकाचं ठरलेलं नाव आणि त्याची इतर रूपं सांगणारी यादी, हाच इलाज आहे. सगळ्या लेखकांपासून सुरुवात करू नका, तसं केलं तर ते काम कधीच संपणार नाही. आपल्या संग्रहात ज्यांची पुस्तकं सर्वांत जास्त आहेत असे दोनशे लेखक काढा आणि त्यांच्या नोंदी पक्क्या करा. लिहिण्याच्या फरकांसाठी ४०० फील्डमध्ये ‘पाहा’ची सूचना द्या. गडकरी आणि गोविंदाग्रज यांच्यासारखी दोन प्रस्थापित नावं असतील तर दोन्ही ठेवून ५०० मधून ‘हेही पाहा’ अशी जोडणी करा. त्यानंतर नव्या नोंदीत लेखकाचं नाव टाइप करण्याची मुभाच ठेवू नका, ते यादीतून निवडायचं.

बाहेरून नोंद आणली आणि तशीच ठेवली

दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून नोंदी उतरवून घ्यायची झेड ३९.५० ही पद्धत वापरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तयार नोंद उचलणं इंग्रजी पुस्तकांसाठी उत्तम. त्यांचं दिल्लीतलं कार्यालय १९६०च्या दशकापासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेत आलं आहे, त्यामुळे अनेक मराठी पुस्तकांच्याही चांगल्या नोंदी तिथे मिळतात. पण त्यात शीर्षक रोमन लिपीत, अक्षरांवर-अक्षरांखाली रेघा आणि टिंबं देऊन लिहिलेलं असतं. आपला विद्यार्थी तसं टाइप करत नाही. देवनागरी रूप जोडीच्या ८८० फील्डमध्ये असेल तर ते इंडेक्समध्ये येतंय का पाहा, नसेल तर पुस्तकावरून भरा. आपल्याकडच्या मराठी नोंदीत मुख्य शीर्षक देवनागरीत आणि लिप्यंतर दुय्यम, हा क्रम मला योग्य वाटतो.

विषयशीर्षकांचंही तसंच. इंग्रजी शीर्षक राहू द्या, शेजारी मराठी शीर्षक स्थानिक म्हणून घाला. ‘दलित साहित्य – समीक्षा’ हे शब्द नोंदीत कुठेच नसतील, तर त्या विषयावर काम करणाऱ्याला पुस्तकाचं नाव आधीपासून माहीत असणं भाग पडतं. मराठी समीक्षाग्रंथांची शीर्षकं बहुधा अलंकारिक असतात, त्यावरून आतला विषय कळत नाही. शीर्षक वाचून वर्गांक (विषयाचा क्रमांक) सुचवणारी नवी स्वयंचलित साधनंही नेमकी इथेच घसरतात. त्यांची सूचना घ्या, पण अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय ती मान्य करू नका.

जेवढ्या प्रती तेवढ्या नोंदी

क्रमिक पुस्तकाच्या वीस प्रती आल्या आणि वीस नोंदी झाल्या, हे रजिस्टरच्या सवयीतून होतं. ग्रंथाची नोंद एक, तिच्याखाली वीस प्रती, हा फरक ऑपरेटरला पहिल्याच दिवशी करून दाखवा. झालेली चूक कोहामध्ये नोंदी विलीन करून दुरुस्त करता येते, पण पुस्तकं वाचकांकडे दिलेली असताना हा उद्योग करू नका.

दुहेरी नोंदी ओळखण्यासाठी फक्त आयएसबीएनवर विसंबणं धोक्याचं आहे. जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतोच, आणि काही ठिकाणी वेगवेगळ्या भागांवर एकच क्रमांक छापलेला आढळतो. आयएसबीएनबरोबर शीर्षक आणि वर्ष जुळतं का, हेही पाहा.

वर्ष म्हटलं की शके आलं. जुन्या पुस्तकावर ‘शके १८२०’ असतं आणि नोंदीत प्रकाशनवर्ष १८२० पडतं. प्रत्यक्षात ते १८९८-९९. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. पुस्तकावरचं शके नोंदीत ठेवा आणि चौकटी कंसात इसवी सन द्या. ००८ फील्डमधल्या वर्षासाठी अंक इंग्रजीच लागतात, मराठी अंक घातले तर वर्षानुसार लावलेला क्रम कोलमडतो. त्याच फील्डमध्ये ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा कोड असतो. साच्यात तो इंग्रजीचा ठेवलेला असेल आणि कुणी बदलला नसेल, तर ओपॅकवर ‘मराठी’ निवडणाऱ्याला ग्रंथालयात एकही मराठी पुस्तक नाही असं दिसतं.

वर्गीकरणाच्या आवृत्त्यांची सरमिसळ

वर्गांक देण्याची ड्यूई दशमान पद्धती १८७६ची आहे, पण ती स्थिर नाही. १९७९च्या १९व्या आवृत्तीत समाजशास्त्र ३०१ ते ३०७ असं नव्याने मांडलं गेलं. संगणकशास्त्र पूर्वी ००१.६ मध्ये होतं. १९८९च्या २०व्या आवृत्तीत ते ००४ ते ००६ मध्ये दिसतं. १९९६च्या २१व्या आवृत्तीत लोकप्रशासन आणि जीवशास्त्र यांची फेरमांडणी झाली. विद्यापीठाचं ग्रंथालय साठ-सत्तर वर्षांचं असेल तर या सगळ्या आवृत्त्यांचे थर त्याच्या कपाटांत असतात, आणि एकाच विषयाची पुस्तकं दोन मजल्यांवर विभागलेली असतात.

म्हणून सगळा संग्रह नव्याने वर्गीकृत करायला घेणं ही दुसऱ्या टोकाची चूक. मनुष्यबळ पुरत नाही, काम अर्ध्यावर थांबतं आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. ज्या विषयांच्या जागा खरोखर बदलल्या तेवढेच घ्या. त्यातही देवघेवीच्या नोंदी पाहून आधी जी पुस्तकं फिरतात ती घ्या. ००१.६ मधली बरीचशी पुस्तकं आज कुणालाच नको असतात, त्यांना नवा वर्गांक देण्याआधी ती ठेवायची का हे ठरवा. ०८२ फील्डमध्ये वर्गांकाबरोबर आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची जागा आहे. ती भरली तर पुढच्या ग्रंथपालाला कोणती पुस्तकं राहिली हे एका अहवालात कळेल.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची १९३३ची कोलन वर्गीकरण पद्धती सोडून ड्यूईकडे येणाऱ्यांनी जुना वर्गांक पुसू नये. तो ०८४ फील्डमध्ये ठेवावा. त्यात स्थळ, काळ, समस्या असे पैलू सुटे लिहिलेले असतात आणि त्यावरून विषयशीर्षकं तयार करणं सोपं जातं. आधीच्या पिढीने केलेलं विश्लेषण फुकट का घालवायचं?

मराठी साहित्याचा प्रश्न वेगळाच. ड्यूईत ते ८९१.४६ : काव्य ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. मराठीचं मोठं दालन असलेल्या ग्रंथालयात या एकेका वर्गांकावर हजारो पुस्तकं जमतात. मग पुस्तक शोधायची सगळी भिस्त लेखकचिन्हावर येते. तिथे आपण आडनावाची इंग्रजीतली पहिली तीन अक्षरं वापरतो आणि देशपांडे, देशमुख, देसाई हे तिघेही ‘डी-ई-एस’ होऊन एकमेकांत मिसळतात. मराठी संग्रहासाठी लेखकचिन्ह देवनागरीत घ्या, त्याला पहिल्या नावाचं अक्षर जोडा आणि नंतर शीर्षकाचं. हा बदल करण्याआधी सॉफ्टवेअर त्या चिन्हांचा क्रम बरोबर लावतं का, हे शंभरेक पुस्तकांवर करून पाहा.

संतसाहित्यासाठी आधी निर्णय आणि मग काम. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये जाऊ शकते आणि मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ मध्येही. मराठी विभाग असलेल्या विद्यापीठात संहिता आणि तिच्यावरची समीक्षा ८९१.४६१ मध्ये एकत्र ठेवावी आणि गीतेचा संबंध विषयशीर्षकातून दाखवावा, असं माझं मत आहे. तत्त्वज्ञान विभागाचा वाचकवर्ग मोठा असेल तर उलट निर्णयही योग्य ठरेल. निम्म्या प्रती इकडे आणि निम्म्या तिकडे ठेवू नका.

ओपॅकमध्ये वर्गांक बदलला आणि पुस्तकाच्या कण्यावर जुनंच लेबल राहिलं, तर ते पुस्तक हरवलंच म्हणून समजा. नोंद, लेबल आणि रॅकमधली जागा, तिन्ही एकाच दिवशी बदलता येतील एवढाच गठ्ठा रोज घ्या.

तपासणी न करता तालिका खुली करणं

किती नोंदी झाल्या हा आकडा समितीला दाखवायला ठीक आहे, तालिकेची परीक्षा त्याने होत नाही. अवघड पुस्तकांची यादी करा : टोपणनावाचं एक, शके सनाचं एक, बहुखंडी कोश, मराठी-इंग्रजी द्विभाषिक ग्रंथ, शीर्षकात ‘ॲ’ असलेलं, वेगळ्या अनुवादकांनी केलेले एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद, एक प्रबंध. मग प्रथम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना ती नावं तोंडी सांगा आणि त्यांना मोबाइलवर शोधू द्या. ते काय टाइप करतात ते शेजारी बसून लिहून घ्या. ‘vangmay’सारखे मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवर टाइप करणारे बरेच निघतील, आणि शीर्षकाचं लिप्यंतर २४६ किंवा ८८० मध्ये का हवं ते तिथेच कळेल.

प्रत्येक नोंद ताडून होईपर्यंत कार्ड तालिका रद्दीत देऊ नका. जुन्या कार्डांवर तपशील असतात, विशेषतः अनुवादकांची आणि मालिकांची नावं, जी नव्या नोंदीत सुटलेली असू शकतात. डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री घ्या, आणि अधूनमधून तो दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहा.

तालिका खुली झाल्यावर चुका कळवायची जागा वाचकाला द्या. कोहाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ओपॅकवरून नोंदीबद्दल तक्रार करण्याची सोय आहे. ती नसेल तर काउंटरवर वही ठेवली तरी चालते. आठवड्यातला एक ठरावीक तास आणि एक ठरावीक माणूस त्या दुरुस्त्यांसाठी नेमा, आणि त्याच वेळी शून्य उत्तर आलेल्या शोधांची यादीही समोर घ्या.